स्पेशल इंग्लिश घेऊन बीए केलंय, आता कामाला कुठून लागायचं

दरवर्षी टीवायचा रिझल्ट लागला की आमच्या तालुक्यातून कुणा ना कुणा मुलीचा फोन येतो, ताई बीए इंग्लिश झालं आता काय करू, आणि बहुतेक वेळा घरच्यांनी किंवा सरांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं की एमए कर, बीएड कर, मग बघू. मी पण तेच केलं. एमए केलं, सेट (कॉलेजात शिकवायला लागणारी राज्याची पात्रता परीक्षा) पास झाले, चार वर्षं एका सीनिअर कॉलेजला सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवलं, मधे अनुवादाची कामं केली आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटर म्हणून काम करते, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून देते. यातलं टेक्निकल रायटिंग नावाचं काही असतं हे मला २८ वर्षांची होईपर्यंत माहीतच नव्हतं, कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. इंग्लिशची डिग्री असलेले भरपूर आहेत, शहरातल्या कॉन्व्हेंटची मुलं आपल्यापेक्षा फाडफाड बोलतात हे पण खरंय, पण इंग्लिश आणि मराठी दोन्ही नीट वाचून नीट लिहू शकणारी माणसं शोधून सापडत नाहीत. मराठी मीडियममधून येऊन इंग्लिश स्पेशल घेतलेल्या मुलांकडे हे असतं आणि तीच ते लपवायला बघतात. लपवू नका, तुमचं काम तिथूनच सुरू होणार आहे.

पहिलं काम: चार छोटी कामं करून बघा

करिअर कोणतं निवडू हे विचार करून कळत नाही, हात घालून कळतं. एक शनिवार-रविवार काढा आणि ही चार कामं करा.

एक, शेजारच्या नववीतल्या पोराला तासभर बसवून पॅसिव्ह व्हॉइस शिकवा, पण नियम पाठ न करवता. दोन, घरातला सातबारा किंवा एखादं जुनं खरेदीखत घ्या आणि त्यातल्या एका पानाचं इंग्लिश करा. तीन, कुणीतरी घाईघाईत लिहिलेला इंग्लिश मजकूर घ्या, म्हणजे मित्राचा प्रोजेक्ट रिपोर्ट, नाहीतर गावातल्या शाळेचं माहितीपत्रक, आणि त्याचा अर्थ न बदलता तो दुरुस्त करा. चार, शेतातल्या ठिबकचा फिल्टर कसा साफ करायचा किंवा आजीच्या फोनवर व्हिडिओ कॉल कसा लावायचा हे इंग्लिशमध्ये पायरी पायरीने असं लिहा की वाचणाऱ्याला तुम्हाला एकही प्रश्न विचारावा लागू नये.

कोणतं काम करताना घड्याळाकडे लक्ष गेलं नाही ते वहीत लिहून ठेवा. पहिलं असेल तर शिकवणं, दुसरं असेल तर अनुवाद, तिसरं असेल तर एडिटिंग, चौथं असेल तर टेक्निकल रायटिंग. दोन आवडली तर अजून चांगलं.

शिकवायचं असेल तर

इथे परीक्षांची नावं इतकी सारखी आहेत की पोरं गोंधळतात, म्हणून नीट सांगते.

शाळेसाठी बीएड लागतं, ते दोन वर्षांचं आहे आणि त्याची सीईटी राज्याचा सीईटी सेल घेतो. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर दोन पास हवा, १५० मार्कांचा असतो आणि ओपनला त्यातले ९० लागतात. इंग्लिशवाल्यांनी एक लक्षात ठेवा, या पेपरमध्ये ६० मार्कांचा भाग गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यातला निवडायचा असतो, आपल्यातले बहुतेक सामाजिक शास्त्रच घेतात, म्हणजे इतिहास-भूगोल पुन्हा काढून बसायचं, इंग्लिश चांगलं आहे म्हणून पेपर निघून जाईल असं समजू नका. राज्याची टीईटी परीक्षा परिषद घेते, केंद्राची सीटीईटी सीबीएसई घेते, दोन्ही द्या. आणि टीएआयटी ही वेगळीच, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० प्रश्न दोन तासात, पवित्र पोर्टल या सरकारी वेबसाईटवरची शिक्षक भरती तिच्या मार्कांवर होते. ती दरवर्षी होत नाही, २०१७ नंतर थेट २०२३ ला झाली आणि मग २०२५ ला. आता हा धोका तुम्हीच ओळखा, बीएड हातात आलं आणि भरतीच नाही अशी वर्षंच्या वर्षं गेलेली मुलं मी बघितली आहेत. टीईटीची गर्दी पण वाढणारच आहे, कारण सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त शिल्लक आहे अशा नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी पास व्हावं लागेल.

अकरावी-बारावीला एमए आणि बीएड दोन्ही लागतं.

सीनिअर कॉलेजसाठी एमएला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. नेट वर्षातून दोनदा होते, पेपर एकला ५० प्रश्न, पेपर दोनला १००, प्रत्येकी दोन मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न सोडून येऊ नका. पेपर दोनमध्ये नाटक, कविता, कादंबरी यांच्याबरोबर कल्चरल स्टडीज, लिटररी थिअरी आणि रिसर्च मेथड्स पण आहेत, आपल्याकडे बीएला थिअरी जेमतेम शिकवतात त्यामुळे तिथेच मार्क जातात. नेटमध्ये वरचे मार्क मिळून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, पण वयाची अट ३० ची आहे (राखीव गटांना आणि महिलांना सूट आहे), म्हणून सुरुवात लवकर करा. सेट आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र आणि गोव्यात चालते.

आता मनातलं बोलते. नेट-सेट झालं म्हणजे नोकरी लागली असं नाही. परमनंट जागा निघायला वर्षं लागतात, तोवर सीएचबी, म्हणजे तासावर पैसे, मे महिन्यात काही नाही, दिवाळीच्या सुट्टीत काही नाही. मी शिकवत होते तिथे पहिलं बिल हातात यायला आठ महिने लागले होते, त्या काळात एसटीच्या पाससाठी वडिलांकडे पैसे मागितलेत मी, एमए सेट होऊन. शिकवणं मला मनापासून आवडायचं, आजही आवडतं, म्हणूनच सांगते की सीएचबी घ्यायचीच असेल तर दोन वर्षांची मुदत स्वतःला घाला आणि त्याच काळात दुसरं एक काम हाताशी शिका.

शिकवण्यातलाच अजून एक रस्ता म्हणजे मोठ्यांना इंग्लिश शिकवणं, आयईएलटीएसचे (परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्लिश परीक्षेचे) क्लास, कंपन्यांमधलं बिझनेस कम्युनिकेशन वगैरे. यासाठी केंब्रिजचं सेल्टा सर्टिफिकेट असतं, साधारण १२० तासांचा कोर्स, त्यात खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवून दाखवावं लागतं. महाग आहे, पण वर्गात कमी बोलून मुलांना जास्त बोलतं कसं करायचं हे तिथे खरंच शिकवतात. सरकारीत बघायचं तर हैदराबादची इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी, जी आधी सीआयईएफएल होती, तिथले इंग्लिश शिकवण्याचे कोर्स बघा.

अनुवाद: याकडे आपल्या मुलांचं लक्षच नाही

अनुवाद म्हटलं की सगळ्यांना कादंबऱ्या आठवतात. कादंबऱ्या जरूर करा, पण घर चालतं ते कागदपत्रांवर. आपल्याकडे तालुका आणि जिल्हा कोर्टाचं बरंच काम मराठीत चालतं आणि हायकोर्टाचं इंग्लिशमध्ये, म्हणजे केस वर गेली की जबाब, पंचनामा, सातबारा, फेरफार, गहाणखत, मृत्युपत्र सगळ्याचं इंग्लिश करावं लागतं. वकिलांना हे काम वेळेत आणि बिनचूक करून देणारा माणूस हवाच असतो.

आणि इथेच गावाकडच्या मुलाचं पारडं जड आहे. सातबाऱ्यावर कूळ लिहिलेलं असतं तेव्हा ते घराणं नसतं, जमीन कसणारा टेनंट असतो, आणि तिथे क्लॅन किंवा फॅमिली लिहिलं तर अख्ख्या कागदाचा अर्थ पालटतो. जबाब म्हणजे उत्तर नाही, पोलिसांपुढे दिलेलं स्टेटमेंट. पोटखराबा म्हणजे त्या गटातली लागवडीला न येणारी जमीन. चतुःसीमा लिहिताना पूर्वेस कोण पश्चिमेस कोण हे एकदा जरी उलटं झालं तरी तो कागद कोर्टात कामाचा राहत नाही. ज्याने घरात जमिनीची भांडणं ऐकलीत, तलाठ्याकडे चकरा मारल्यात त्याला हे शब्द डिक्शनरीत शोधावे लागत नाहीत. मी स्वतः पहिलं असं काम केलं ते एका वाटणीपत्राचं, सात पानांचं, दोन रात्री जागून, आणि वडिलांना फोन करून करून आणेवारी म्हणजे नेमकं काय ते विचारत होते, त्यांना इतका आनंद झाला होता की आपली माहिती पोरीच्या कामाला येतेय.

सुरुवात अशी करा. भाषा संचालनालयाचे शासन व्यवहार कोश, पदनाम कोश, न्यायव्यवहार कोश आहेत, ते ऑनलाईन फुकट बघता येतात, रोज दहा शब्द स्वतःच्या वहीत उतरवा. एक्सेलमध्ये आपली शब्दसूची बनवा, मराठी शब्द, इंग्लिश शब्द, कुठल्या कागदात आला. मग ओमेगाटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर शिका, ते तुम्ही आधी केलेलं वाक्य लक्षात ठेवतं आणि पुन्हा तसंच आलं की समोर आणतं, अनुवादाच्या एजन्स्या ट्राडॉस किंवा मेमोक्यू ही तसलीच सॉफ्टवेअर मागतात पण तत्त्व तेच आहे, एक आलं की दुसरं आठवड्यात जमतं. युनिकोडमध्ये मराठी टायपिंग आलंच पाहिजे, जुन्या फॉन्टवर बसून राहू नका.

नोकरी हवी असेल तर हायकोर्टात, भाषा संचालनालयात, संसदेत भाषांतराच्या जागा अधूनमधून निघतात, जाहिरातीवर डोळा ठेवा, पात्रता प्रत्येक ठिकाणी वेगळी असते म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. घरबसल्या करायचं तर सबटायटल्स पण आहेत, इंग्लिश सबटायटलला साधारण एका ओळीत ४२ अक्षरं आणि एका वेळी दोनच ओळी असा नेटफ्लिक्सचा नियम आहे, त्यात आजीबाईचा अख्खा टोमणा बसवायचा असतो, मजा येते पण डोळे दुखतात.

एआयचं विचारतातच सगळे. हो, फरक पडलाय, माझ्याकडे येणाऱ्या कामातलं बरंचसं आता मशीनने केलेलं येतं आणि आपल्याला ते दुरुस्त करायचं असतं, त्याला पोस्ट एडिटिंग म्हणतात आणि त्याचा रेट कमी असतो. साध्या मजकुराचं काम कमी होत जाणार हे धरून चला. पण चुकलं तर जमीन जाईल किंवा औषधाचा डोस चुकेल अशा कागदावर सही करणारा माणूस लागतोच, आणि मशीनने कूळच्या जागी फॅमिली लिहिलेलं मी स्वतः पकडलंय. म्हणून विषय धरा, कायदा, शेती, आरोग्य, काहीही एक, आणि त्यात खोल जा.

टेक्निकल रायटिंग

हे माझं रोजचं काम आहे म्हणून जरा जास्त सांगते. कुठलंही सॉफ्टवेअर किंवा मशीन बनलं की ते कसं बसवायचं, कसं वापरायचं, बिघडलं तर काय करायचं हे कुणीतरी लिहावं लागतं. इंजिनिअर लोकांना ते लिहायचा कंटाळा असतो किंवा जमत नाही. पुण्यात आयटी पण आहे आणि मशिनरीचे कारखाने पण आहेत त्यामुळे दोन्हीकडे हे काम आहे. कोडिंग यायलाच हवं असं नाही, पण प्रश्न विचारायची लाज वाटता कामा नये, मी पहिल्या वर्षी एकाच डेव्हलपरला एका दिवसात ११ वेळा विचारलं होतं आणि तो न चिडता सांगत होता.

बीएला आपण जे इंग्लिश शिकतो ते इथे थोडं बाजूला ठेवावं लागतं. लांबलचक वाक्य, अलंकार, एकाच गोष्टीला चार वेगळे शब्द, हे सगळं निबंधात छान दिसतं पण मॅन्युअलमध्ये माणसाला गोंधळात टाकतं. एका पायरीत एकच कृती. बटणाला एकदा जे नाव दिलं तेच शेवटपर्यंत. आणि धोक्याची सूचना कृतीच्या आधी. ठिबकच्या फिल्टरचं उदाहरण घ्या, झाकण उघडा असं लिहून मग खाली आधी मोटर बंद केलेली असावी असं लिहिलं तर वाचणारा तोवर प्रेशरच्या पाण्याने भिजलेला असतो, लागू पण शकतं. मोटर बंद करा, मग व्हॉल्व्ह उघडून प्रेशर सोडा, मग झाकण.

शिकायला पैसे लागत नाहीत. गूगलचे टेक्निकल रायटिंगचे कोर्स फुकट आहेत, वन आणि टू असे दोन, ते करा. मायक्रोसॉफ्टची स्टाईल गाईड, म्हणजे कसं लिहायचं याची नियमावली, ऑनलाईन फुकट आहे, रोज एक पान वाचा. मार्कडाऊन (साध्या खुणांनी मजकुराची मांडणी करायची पद्धत) एका दुपारी येतं, गिट (फाईलमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) शिकायला पंधरा दिवस द्या. मग एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टची, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरची, कागदपत्रं वाचून त्यातल्या चुका सुधारून पाठवा, तुमचं नाव तिथे कायमचं दिसतं आणि इंटरव्ह्यूला ती लिंक देता येते. मी पहिल्या इंटरव्ह्यूला तीन सॅम्पल घेऊन गेले होते, डिग्री कुठल्या कॉलेजची हे कुणी विचारलंच नाही, सॅम्पलवरच पाऊण तास बोलणं झालं.

याच्याच शेजारचं काम म्हणजे इन्स्ट्रक्शनल डिझाईन, ऑनलाईन ट्रेनिंगचे कोर्स लिहिणं. ज्यांना शिकवणं आणि लिहिणं दोन्ही आवडतं त्यांनी हे नक्की बघा, ज्यांनी बीएड केलंय त्यांचं लेसन प्लॅनचं ज्ञान इथे थेट कामाला येतं.

एडिटिंग आणि बाकीचं

तिसरं काम आवडलं असेल तर कॉपी एडिटिंग. रिसर्च जर्नल आणि पुस्तकं बनवणाऱ्या कंपन्या चेन्नई, पुदुच्चेरी, नोएडा इकडे जास्त आहेत, पण घरून काम देणारे पण असतात. वर्डमधलं ट्रॅक चेंजेस (केलेले बदल दाखवत दुरुस्ती करायची सोय) नीट यायला हवं, ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगमध्ये एक धरून शेवटपर्यंत निभावता आलं पाहिजे, आणि शिकागो किंवा एपीए या लेखनाच्या आणि संदर्भ देण्याच्या नियमावल्यांपैकी एक मुळापासून वाचा. लेखकाचं वाक्य आपल्याला आवडलं नाही म्हणून बदलायचं नसतं, चुकलं असेल तरच बदलायचं, हे जमायला मला फार वेळ लागला.

पत्रकारितेसाठी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे. लॉ करायचं तर पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी, त्याची पण सीईटी, आणि वर सांगितलेल्या कागदांच्या अनुवादाशी त्याची जोडी फार चांगली जमते. एमपीएससी, यूपीएससी, बँका, सगळ्याला कुठलीही डिग्री चालते, यूपीएससीला इंग्लिश लिटरेचर ऑप्शनल घेता येतं आणि बँकेच्या परीक्षेत इंग्लिशचा भाग आपल्याला सोपा जातो, पण किती प्रयत्न करणार हा आकडा आधी घरात सांगून ठेवा.

आता सॅम्पल बनवा आणि पाठवा

कोणताही रस्ता धरा, तीन सॅम्पल लागतात, त्याहून जास्त कुणी बघत नाही. अनुवादाचं असेल तर मूळ आणि अनुवाद समोरासमोर, माणसांची नावं, गट नंबर, आधार नंबर सगळं झाकून, कारण दुसऱ्याचा कागद असा उघडा दाखवणं चुकीचं आहे आणि कामाच्या दृष्टीने वाईट दिसतं. एडिटिंगचं असेल तर आधीचं आणि नंतरचं. सगळं गूगल ड्राईव्हवर टाकून एकच लिंक द्या, आणि ती लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडतेय का ते पाठवायच्या आधी बघा.

सुरुवातीचा रेट मला मराठी-इंग्लिशला शब्दाला साठ पैसे मिळाला होता, मी लगेच हो म्हणाले, नंतर कळलं की त्याच एजन्सीत एकीने एक रुपया मागितला आणि तिला दिला. मागून बघा. टेस्ट म्हणून २५०-३०० शब्द फुकट करून देणं ठीक आहे, दहा पानं मागितली तर ते तुमचं काम फुकटात करून घेताहेत. काम द्यायच्या आधी रजिस्ट्रेशन फी, डिपॉझिट, सॉफ्टवेअरचे पैसे मागणारा कुणीही असो, तिथेच फोन ठेवा, घरबसल्या प्रूफरीडिंगच्या नावाखाली यात खूप मुली फसल्यात. क्लायंटने टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच टॅक्स, कापला तर घाबरू नका, पॅन नीट दिलेलं असलं आणि उत्पन्न टॅक्सच्या मर्यादेखाली असलं तर रिटर्न भरून ते पैसे परत मिळतात, मी पहिली दोन वर्षं रिटर्नच भरलं नव्हतं आणि ते पैसे गेले.

मेल छोटा लिहा, चार-पाच ओळी. मी कोण, कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत काम करते, विषय कोणता, दिवसाला किती शब्द होतात, ही लिंक. रिस्पेक्टेड सर विथ ड्यू रिस्पेक्ट वगैरे नको. तीस ठिकाणी पाठवा, एक्सेलमध्ये तारीख लिहा, आठ दिवसांनी उत्तर आलं नसेल तर त्याच मेलवर रिप्लाय करून दोन ओळीत पुन्हा विचारा. मला पहिलं काम एकविसाव्या मेलला मिळालं होतं, तेही दुसऱ्यांदा विचारल्यावर.